वाचकांचे प्रश्न : एका अल्बममध्ये इतक्या तऱ्हा कशा?

प्रश्न : दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलाने मला ‘द बँड’ या गटाचा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा पहिला अल्बम ऐकवला. त्याच्या मते हे फोक-रॉक आणि अमेरिकाना आहे. तीस वर्षे भजनी मंडळात खंजिरी वाजवणाऱ्या मला मात्र एक गाणे प्रार्थनेसारखे, दुसरे नाचाचे, तर तिसरे रडवेले वाटले. ही नुसती खिचडी नव्हे काय? आमची भजने आणि पोळ्याच्या झडत्या (पोळ्याला बैलांसमोर म्हणायची लोकगीते) गिटारच्या साथीने ध्वनिमुद्रित करून गावाचा पहिला अल्बम काढावा, असे तो म्हणतो. त्याला होकार द्यावा का? (एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : होकार अवश्य द्यावा, मात्र आपण ज्याला खिचडी म्हणता, ते नीट ऐकूनच द्यावा.

लोकगीतांच्या चालींना विजेची गिटार आणि ड्रमची जोड मिळाली, त्याला फोक-रॉक म्हणतात. अमेरिकाना हे नाव पुढे रुळले. डोंगरी भागातील कथागीते, कृष्णवर्णीयांचे ब्लूज, चर्चमधील भक्तिगीते आणि ग्रामीण कंट्री संगीत अशा अनेक प्रवाहांना ते सामावून घेते. १ जुलै १९६८ रोजी आलेल्या या अल्बममध्ये ते सगळे प्रवाह आहेत. गटातील चौघे कॅनडाचे होते आणि ड्रम वाजवणारा लेव्हन हेल्म हा आर्कान्सा राज्यातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा होता. कापसाच्या शेतात वाढलेल्या माणसाचा आवाज कसा असतो, हे यवतमाळच्या माणसाला मी वेगळे सांगायला नको. पुढे २०१० मध्ये अमेरिकाना अल्बमसाठीचा ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तो याच हेल्मला मिळाला.

मग इतक्या तऱ्हा एकत्र नांदतात कशा? माझ्या मते याचे उत्तर न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या त्या गुलाबी घरात आहे, ज्यावरून अल्बमला नाव मिळाले. १९६७ मध्ये या मंडळींनी गायक-गीतकार बॉब डिलनसह त्याच घराच्या तळघरात बसून महिनोन्‌महिने जुनी-नवी गाणी वाजवली होती. अल्बमचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत झाले, तरी एकमेकांचे ऐकून वाजवण्याची तळघरातली सवय त्यांनी सोडली नाही. ‘द वेट’ या गाण्याचे ध्रुवपद पुन्हा लावून पाहा. तिथे तीन आवाज एकदम उठत नाहीत. एक येतो, त्यावर दुसरा चढतो, मग तिसरा मिळतो, आणि तरीही प्रत्येकाचा कंठ वेगळा ओळखू येतो. आपल्या मंडळात बुवांनी चरण सोडला की झीलकरी तो उचलतात, तेव्हा मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्याचा घोगरा सूरही ऐकू येतोच ना? दुसऱ्या एका गाण्याच्या आरंभी गार्थ हडसनने ऑर्गनवर योहान सेबास्टियन बाखच्या रचनेची आठवण करून दिली आहे आणि लगेच त्याखाली दणकट ठेका सुरू होतो; तरी ते जोडकाम वाटत नाही, कारण वाजवणाऱ्याच्या अंगात दोन्ही मुरलेले आहे.

खंजिरीसारखे साधे वाद्य घेऊन तुकडोजी महाराजांनी प्रार्थनेपासून ग्रामसुधारणेपर्यंतचे विषय एकाच बैठकीत गायिले, त्याला विदर्भात कोणी खिचडी म्हटले नाही. अडचण गाण्यांच्या तऱ्हांची नसते. प्रत्येकाने वेगळ्या खोलीत बसून, कानात तुकडे ऐकत गायिले आणि नंतर ते संगणकावर चिकटवले, म्हणजे भजन निर्जीव होते. म्हणून मुलाला सांगावे, की मंडळाला देवळात किंवा ओसरीवर नेहमीसारखे गोलात बसवावे, गिटारवाल्यानेही त्याच गोलात बसावे आणि खंजिरीचा ठेका आधी चार दिवस नुसता ऐकावा. गिटारचा आवाज खंजिरीच्या चकत्यांची किणकिण झाकणार नाही इतकाच ठेवावा.

झडत्या मात्र ओसरीवर गाऊ नयेत. त्या पोळ्याच्या दिवशी, तोरण तुटण्यापूर्वी, बैलांच्या घुंगुरमाळांसह तिथेच ध्वनिमुद्रित कराव्यात; आणि ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव’ असा गजर उठेल, तेव्हा गिटार थांबवून तो सगळ्या गावाच्या आवाजात घ्यावा.