ॲलर्जीच्या स्किन टेस्टमध्ये त्वचेवर उठणाऱ्या गांधी (फुगवटे) डोळ्यांनी न बघता यंत्राने मोजता येतात का?

येतात. पण आधी साधी पट्टी तरी वापरा!

मी टेक्निशियन आहे, प्रिक टेस्ट करणं (संशयित पदार्थाचा थेंब त्वचेवर ठेवून हलकेच टोचणं) हे रोजचं काम. आमचे एक वरिष्ठ डॉक्टर नुसत्या नजरेने '++', '+++' लिहायचे. एकदा सावळ्या कातडीचा एक मुलगा आला. धूळकिड्याच्या जागी लाली दिसेना, म्हणून साहेबांनी 'निगेटिव्ह' लिहून टाकलं. मी बोट फिरवलं तर गांधी स्पष्ट हाताला लागत होती. पेनने कडा आखली, मोजली: लांबी ६, आडवी ४, सरासरी ५ मिमी. तुलनेसाठी नुसतं सलाईन (मिठाचं पाणी) टोचलेल्या जागी काहीच नाही. सलाईनपेक्षा ३ मिमी मोठी असली की पॉझिटिव्ह, हे काय त्यांना मी सांगायचं? "लालीच नाही तर मोजतोस काय?" म्हणाले. मी म्हटलं, सर, हिस्टामिनची (जे टोचलं की प्रत्येकालाच गांधी आणि लाली यायला हवी, त्याची) लाली तरी कुठे दिसतेय? मग टेस्टच रद्द करा. त्यावर आठवडाभर अबोला.

म्हणून लालीसाठी यंत्र हवं हे मला पटतं. लेझर डॉप्लर त्वचेतला रक्तप्रवाह मोजतो, थर्मल कॅमेरा वाढलेली उष्णता टिपतो. डोळ्याला न दिसणारी लाली दोन्हींत सापडू शकते. मात्र डॉप्लरला हात जराही हललेला चालत नाही, आणि थर्मल कॅमेऱ्याचं गणित खोलीच्या तापमानानेही बिघडतं. गांधीच्या उंचीसाठी त्रिमितीय स्कॅन, जाडीसाठी उच्च वारंवारतेची सोनोग्राफी. संशोधनात, औषधाचा परिणाम तपासताना, हे सगळं कामाचं. रोजच्या ओपीडीत मला तरी हौसच वाटते. पेनने कडा आखा, पारदर्शक चिकटपट्टीने ती उचलून कागदावर लावा. तो कागद स्कॅन केला की संगणक क्षेत्रफळ काढून देतो, आणि पुरावा फाइलमध्ये राहतो. '+++' कुठल्या पट्टीवर मोजायचा?

हां, टोचताना हात कमीजास्त पडला तर पुढचं कुठलंही यंत्र ते सुधारत नाही. नुसतं खाजवलं तरी ज्यांच्या गांधी उठतात, त्यांच्यात तर सलाईनची जागाही फुगते. आणि गांधी मोठी म्हणजे ॲलर्जी खरी असण्याची शक्यता जास्त, एवढंच; झटका किती जोराचा येईल हे त्यावरून कळत नाही. हे साहेबही म्हणायचे, तेवढं त्यांचं बरोबर होतं.

त्या मुलाचा रिपोर्ट शेवटी बदलला. सही माझी नाही, त्यांचीच.