मंगलोरी कौलांचे छप्पर बदलायचे तर खर्च किती, आणि तो नेमका कशावर होतो?

आपण विचारले आहे की, गावाकडील ४० बाय २० फुटांच्या जुन्या दुपाखी (दोन बाजूंना उतार असलेल्या) घराची मंगलोरी कौले सगळीच बदलायची तर किती खर्च येईल, आणि ठेकेदार सुचवतो त्याप्रमाणे कौले काढून पत्रा टाकणे बरे पडेल का. राजापूर तालुक्यातील आमचे घर जवळपास याच मापाचे आहे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात त्याच्या एका पाख्यावरची कौले सरकली आणि बरीच फुटली. पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही संपूर्ण छप्पर उतरवून पुन्हा घातले. त्या कामाचा हिशेब मी वहीत लिहून ठेवला होता, त्याच्याच आधारे हे उत्तर देत आहे.

आधी माप नक्की करावे, कारण पहिली चूक तिथेच होते. जोते ८०० चौरस फुटांचे असले तरी छप्पर तेवढे नसते. चारही बाजूंना भिंतीबाहेर येणारी दोन-दोन फुटांची वळचण धरली की माप ४४ बाय २४, म्हणजे १,०५६ चौरस फूट होते, आणि उताराची वाढ त्यावर वेगळी. उतार ३० अंशांचा असेल तर क्षेत्रफळ सुमारे १.१५ पट होते, म्हणजे आपले छप्पर १,२२० चौरस फुटांच्या आसपास जाईल. उतार ४५ अंशांचा असेल तर हीच वाढ १.४१ पट होते. शंभर चौरस फुटांना साधारण १५० मंगलोरी कौले लागतात, तेव्हा १,८३० कौले बसतील आणि फूटतूट धरून १,९५० ते २,००० लागतील. आढ्यावरचे, म्हणजे छपराच्या माथ्यावर बसणारे, कोने ३५ ते ४० धरावेत. घर चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेले, असते तरी उतार तोच असल्यास क्षेत्रफळ एवढेच आले असते. मात्र कोनवाशांवर, म्हणजे दोन पाखी कोपऱ्यात मिळतात तिथल्या तिरप्या लाकडांवर, कौले कापून बसवावी लागतात आणि कोनेही जास्त लागतात, त्यामुळे मजुरी वाढली असती.

आता आमचा खर्च. नवी कौले ८०० घेतली; वाहतुकीसह नग ३४ रुपयांना पडला, म्हणजे २७,२०० रुपये. बदललेले २२ वासे (छपराची उतरती लाकडे) १९,२०० रुपयांचे, आणि सगळ्या रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) नव्या घातल्या त्यांचे २४,८०० रुपये. दोन सुतार बारा दिवस हजार रुपये रोजाने आणि चार गडी दहा दिवस सहाशे रुपये रोजाने, अशी मजुरी ४८,००० रुपये झाली. खिळे, तार, लाकडाला लावायचे वाळवीरोधक औषध, कोने बसवायला सिमेंट-वाळू आणि काम चालू असताना झाकायला प्लॅस्टिक, हे मिळून ९,००० रुपये. एकूण १,२८,२०० रुपये. हे दर २०२२ चे आहेत, म्हणून आजचे दर आपल्या भागात विचारून घ्यावेत; माझे सांगणे या आकड्यांतील प्रमाणाविषयी आहे. सव्वा लाखाहून अधिक रकमेत कौलांचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा होता. बाकी सगळा पैसा लाकडात आणि माणसांच्या रोजात गेला. त्यामुळे ‘कौलाचा भाव काय’ या प्रश्नाने सुरुवात केली तर अंदाज हमखास चुकतो.

आमच्याही घरी तसेच झाले होते. खालून पाहिले तर वासे काळे, गुळगुळीत आणि ठणठणीत दिसत होते. सुताराने पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) घेतली आणि वासा भिंतीवर टेकतो त्या टोकाला नुसती दाबली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. वरची साल शाबूत होती आणि आत वाळवीची ओली माती भरलेली होती. त्या एका पाख्यावर असे चौदा वासे निघाले. गळके पाणी वाशावरून उतरत टोकाशी साठते आणि कूज तिथूनच सुरू होते, हे तेव्हा कळले. एका ठेकेदाराने आम्हाला आधी खाली अंगणात उभे राहूनच उक्ता आकडा सांगितला होता आणि त्यात लाकूड धरलेलेच नव्हते. छप्पर उघडल्यावर वासे खराब निघाले की घरमालकाचा नाइलाज होतो, कारण डोक्यावर आभाळ असताना घासाघीस करता येत नाही. म्हणून माझा आग्रह असा आहे की, उक्ते काम देण्यापूर्वी प्रत्येक वाशाची दोन्ही टोके टोचून पाहावीत, आणि जादा निघणाऱ्या वाशाचा व रिपांचा प्रति फूट दर कागदावर लिहून घ्यावा.

सगळी कौले बदलण्याची गरज बहुधा नसते, हेही कळकळीने सांगतो. कौल शेवाळाने काळे पडले म्हणजे निकामी झाले असे नाही. उतरवलेले प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ते ठेवावे, बद्द आवाज आला तर त्यात तडा आहे असे समजावे. शंका वाटल्यास कौलाच्या खोलगट भागात रात्रभर पाणी ठेवावे. खालची बाजू ओलसर झाली तरी चालते, पण थेंब धरता कामा नये. आमची साडेअकराशे कौले या परीक्षेत उतरली आणि आज वर आहेत. काहींच्या पाठीवर बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हा आकडा उमटलेला आहे. ते मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचे साल आहे, कौल भाजल्याचे नव्हे. पण अशी कौले मिळाली तर कोणालाही देऊन टाकू नयेत.

जुनी-नवी कौले एकाच पाख्यावर मिसळू नयेत. प्रत्येक कारखान्याच्या कौलाच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे एकात दुसरे नीट अडकत नाही आणि नेमक्या त्या फटीतून पाणी आत येते. आम्ही मागच्या पाख्यावर सगळी जुनी आणि पुढच्या पाख्यावर नवी घातली. जुनी उरली ती पडवीवर गेली. रिपांमधले अंतरही पुस्तकी मापाने न घेता हातातल्या कौलावरून घ्यावे. दहा कौले जमिनीवर एकात एक अडकवून मांडावीत आणि लांबी मोजून भागावी. लाकडी रीप चुकली तर उखडून पुन्हा ठोकता येते. वाशांऐवजी लोखंडी सांगाडा करणार असाल तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण वेल्डिंग केलेली रीप हलवणे फार महागात पडते.

पत्र्याविषयी. एका चौरस मीटरला कौलांचे ओझे सुमारे ४० किलो असते आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे चार-पाच किलो. पत्र्याला लाकूड कमी लागते आणि काम चार दिवसांत उरकते, म्हणून तो स्वस्त पडतो, हे ठेकेदाराचे म्हणणे खरे आहे. पण ते हलकेपणच वादळात घातक ठरते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कौले फुटली त्या घरांचे छप्पर निदान जागेवर राहिले. पत्रे मात्र अख्खे उडून दूर जाऊन पडले. पत्रा घालायचाच असेल तर सांगाडा भिंतीत खोल जखडण्याचा खर्च त्यात धरावा, आणि समुद्र जवळ असेल तर गंजाचाही. मे महिन्यातील दुपार आणि आषाढातील रात्र पत्र्याखाली कशी जाते, हे आपण जाणताच. घरात वृद्ध माणसे राहत असतील तर मी कौलेच ठेवीन. मधला मार्ग म्हणून वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक ओळ तारेने रिपांना बांधून घ्यावी. कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक असते. आम्हाला यासाठी हजार रुपयेही लागले नाहीत, आणि वारा कौले उचलतो तो बहुतेक वळचणीकडूनच.

काम दिवाळीनंतर काढावे आणि होळीच्या आत संपवावे. मे महिन्यात गावोगाव शाकारणी (पावसाआधी छप्पर नीट करण्याचे काम) चालू असते, तेव्हा सुतार मिळत नाही आणि मिळाला तर रोज वाढवून मागतो. शिवाय वळवाचा पाऊस उघड्या घरावर आला तर मातीच्या भिंतींचे जे नुकसान होते ते छपराच्या खर्चात भरून येत नाही. एका वेळी एकच पाखे उघडावे.

आपण घरी जाल तेव्हा बॅटरी आणि पटाशी घेऊन माळ्यावर चढा, खराब वाशांवर खडूने खूण करा आणि त्यांची संख्या लिहून घ्या. ती संख्या आणि वरचे माप घेऊन दोन सुतारांकडे स्वतंत्रपणे दर विचारा. ती संख्या येथे कळवलीत तर लाकडाचे घनफूट किती होईल ते मी काढून देईन.