भाकरी गावाला, पुडा नातवाला

"ताई, मी सोलापूरची, वय सत्तावन्न. यजमान गेल्यापासून अकरा वर्षे कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सणासुदीला शेंगापोळी करून विकते. हाताखाली दोन बाया आहेत. मुलगा-सून पुण्यात कंपनीत पाळीने कामाला असतात, म्हणून साडेसहा वर्षांचा नातू जूनपासून माझ्याकडे आहे. पाच वाजता ऑर्डरींची घाई सुरू झाली की तो मध्ये मध्ये येतो आणि तवा तापलेला असतो, म्हणून मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून कुरकुरीत खाऊचा पुडा आणायला सांगते. आता तो भाकरीला हातच लावत नाही. सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट मात्र लागते. दोन दाढा किडल्या आहेत. सून फोनवर म्हणाली, 'आई, तुम्ही गावाला भाकरी घालता आणि माझे पोर पुड्यांवर वाढवता.' तेव्हापासून मला झोप नाही. काम बंद करू, की पोराला परत पाठवू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर 'नाही' असे आहे. अकरा वर्षे ज्या तव्यावर घर चालले तो उतरवायचा नाही आणि पोरालाही परत पाठवायचे नाही. सूनबाईचे बोल जिव्हारी लागले हे मी समजू शकते. पण ती दूर राहून स्वतःलाच दोष देत असणार आणि त्या दोषाचा अर्धा भार तिने फोनवरून आपल्या ओंजळीत टाकला, एवढेच मला त्यात दिसते.

आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले. दोन दाढा किडल्या आहेत हे आपण ओघात लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी. बिस्किट चहात बुडवले की विरघळते आणि पुड्यातील हलके, फुगलेले खाऊ जिभेवरच विरतात. भाकरी मात्र दाढेखाली घेऊन चावावीच लागते. त्याला भाकरी आवडत नाही, की भाकरी चावताना त्याला दुखते, हे आपण विचारले आहे का? सहा-साडेसहा वर्षांची मुले दुखते असे सांगतातच असे नाही, ती सरळ 'नको' म्हणतात. शिवाय या वयात दुधाच्या दाढांच्या मागे पहिल्या कायमच्या दाढा येतात. पुष्कळ घरांत त्याही दुधाच्याच समजून 'पडतील आपोआप' म्हणून सोडून दिल्या जातात, आणि मग ते नुकसान जन्मभराचे होते. तेव्हा या आठवड्यात एक सकाळ काम बायांवर सोपवून त्याला दंतवैद्याकडे न्या. खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयातील दंतविभागात न्या. त्याच खेपेत बालरोगतज्ज्ञांकडून उंची-वजन पाहून घ्या आणि जंतांच्या गोळीचेही विचारा. शाळांमधून १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला ती गोळी देतात, पण तो जूनमध्ये आपल्याकडे आला असल्याने ती त्याला मिळाली होती की नाही, हे सूनबाईलाच विचारावे लागेल. तो फोन आपण होऊन करा. तिच्या बोलण्याचे उत्तर म्हणून नव्हे, तर तिचे मूल म्हणून दोघींनी मिळून ठरवण्यासाठी.

दाढांवर उपचार होईपर्यंत त्याला कडक भाकरी देऊ नका; तव्यावरून उतरलेली मऊ भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून द्या.

आता पुड्याविषयी. आपण त्याला पुडा लाडाने दिला नाही, शांतता विकत घेण्यासाठी दिला, आणि हे आपणही जाणता म्हणूनच झोप उडाली आहे. पण तो पुडा नेमका कोणत्या वेळी हातात पडतो, हे पाहा. दुपारी शाळेतून आल्यावर थोडेसे खाल्लेले मूल पाच वाजता खरोखर भुकेलेले असते आणि नेमकी तीच आपल्या ऑर्डरींची वेळ असते. दिवसातली सर्वांत चांगली भूक आपण रोज पुड्याच्या हवाली करतो आणि आठ वाजता ताटापुढे बसवून भूक नाही म्हणून त्याच्यावर रागावतो. म्हणून ऑर्डरींची घाई सुरू होण्याआधी, साडेचारला, त्याचे खरे जेवण उरकून घ्या. ताजी भाकरी, घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, थोडे दही, लिंबाची फोड, असे साधेच असू द्या. पण ती पंधरा मिनिटे आपण त्याच्या शेजारी बसा आणि आपलीही अर्धी भाकरी त्याच वेळी खा. फोन बाजूला ठेवा, ऑर्डरींचाही. मग रात्री त्याने दूध-भाकरीवर किंवा मूठभर खिचडीवर भागवले तरी चिंता करू नका. ताटात काय वाढायचे आणि कधी वाढायचे हे आजीने ठरवावे, त्यातले किती खायचे हे नातवाने. घास मोजून भरवायला लागलो की जेवण ही दोघांची लढाई होते. नवी भाजी मुलाच्या जिभेवर बसायला कित्येकदा दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, म्हणून दोडका दोनदा नाकारला तर तो यादीतून काढून टाकू नका.

माझी आजीही रोज मोठ्या खटल्याच्या भाकरी थापत असे. शेवटी परातीच्या कडेला उरलेले पीठ बोटांनी गोळा करून ती ते माझ्या तळहातावर ठेवत असे आणि मी त्याची चानकी, म्हणजे इवलीशी भाकरी, थापत असे. ती कधीच गोल होत नसे, कडांना भेगा पडत, मधोमध माझ्या अंगठ्याचा खळगा राही. पण आजी ती मोठ्या भाकरीच्याच मानाने तव्यावर टाकून, पाणी फिरवून, फुगवून देत असे. ती चानकी मी कोणाला देत नसे. आपल्या घरात तर दिवसभर पीठ मळले जाते! नातवाला त्या घरात कामात येणारा अडथळा म्हणून राहू देऊ नका, त्याला हाताखालचा तिसरा कामगार करा. शेगडीपासून दूर, भिंतीच्या कडेला त्याची लहान परात ठेवा, त्याने थापावे आणि आपण भाजावे. तव्याजवळ यायचे नाही हा नियम मात्र रोज तोच आणि कडक असावा. चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफले त्याला पाखडू द्या. खलबत्त्यात लसूण, जिरे, मीठ घालून दाणे कुटताना तेल सुटू लागले की तिखट घालण्याआधी एक वाटी त्याच्यासाठी बाजूला काढा आणि त्या वाटीला त्याचे नाव द्या.

खरे तर मुलांना त्या पुड्यात जो कुरकुरीतपणा आवडतो, तोच आपल्या घरी डब्यांत भरून पडलेला असतो. दाढा बऱ्या झाल्या की कडक भाकरीचे तुकडे, थोडे तेल, ती बिनतिखटाची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा एकत्र करून एका छोट्या डब्यात त्याच्या हाती द्या. डबा उघडण्यातली मौजही त्यात येते. हे काही दुधाची तहान ताकावर भागवणे नव्हे. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले ती आपल्या दाराशी पिकते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तेवढेच तंतू असतात, तर शेंगदाण्यात प्रथिने याच्या दुपटीहून अधिक. तरीही निव्वळ भाकरी-चटणीवर वाढत्या मुलाला ठेवू नये, कारण ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतील आवश्यक घटक कमी असतो आणि तो डाळी, दूध, दही, अंडे यांतून भरून काढावा लागतो.

चहा मात्र बंद करा, याबाबतीत मी मुळीच सवलत देणार नाही. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही, आणि साखरेचा हिशेब तर आणखी वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवावी असे सांगते. या वयाच्या मुलाला ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे चार चमचे. दोन-दोन चमचे साखरेच्या दोन कपांतच ते संपतात, बिस्किटे वेगळीच राहिली. साखरेऐवजी गूळ घातला तर चालते, असे आपल्याकडे आज्या मोठ्या विश्वासाने म्हणतात. पण दातांच्या दृष्टीने गूळही साखरच आहे, तेव्हा गुळाची शेंगापोळी सणालाच राहू द्या. रात्री दात घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, आणि ब्रश आपण स्वतः फिरवा. या वयात मुलांना तो नीट जमत नाही.

आणखी एक काम आजच करा. नातू पुडे रोख आणतो की दुकानात आपल्या खात्यावर, हे पत्रात नाही, पण लहान पेठांत बहुधा खातेच असते. दुकानदाराला सांगा की यापुढे पोराच्या हाती खात्यावर पुडा द्यायचा नाही. दिवसाला दहाचे दोन पुडे धरले तरी महिन्याला ६०० रुपये होतात. त्यात केळी, पेरू आणि अंडी आणा आणि आणताना त्याला बरोबर घेऊन जा. आठवड्यातून एकदा, वार ठरवून, त्याच्या आवडीचा एक पुडा त्याने स्वतः निवडावा आणि त्यावर आपण काही बोलू नये. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला न्याल तेव्हा तर हा सारा हिशेब घरीच ठेवून जा.

पहिले आठ-दहा दिवस तो रडेल, ताट सरकवेल, कदाचित दुकानाच्या पायरीवर जाऊन बसेल आणि नेमकी त्याच वेळी पन्नास भाकरींची ऑर्डर अंगावर येईल. त्या दिवसांपुरत्या संध्याकाळच्या ऑर्डरी साडेपाचनंतरच्या घ्या आणि गिऱ्हाइकांना तसे आधी सांगा. अकरा वर्षांची गिऱ्हाइके अर्ध्या तासासाठी तुटत नाहीत. ती पायरीही लांब नाही. हाताचे पीठ तसेच ठेवून जा आणि 'तुझी चानकी राहिली आहे' एवढेच म्हणून त्याला घरी घेऊन या.