चुलीच्या नव्या धुराड्याच्या भिंतीला जिप्सम प्लास्टर चालेल का, की सिमेंटच करावं?

जिप्सम नको. सतत ५० अंशांच्या आसपास तापत राहिलं की त्यातलं पाणी सुटतं आणि थर भुसभुशीत होतो. गवंडी १:४ सिमेंट-वाळू सुचवेल, पण ते फार कडक. विटा तापून फुगल्या की तडकतं. सिमेंट, चुना, वाळू १:१:६ घ्या, माप घमेल्यानं. थर १२ ते १५ मिमी. वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) मारा. आठवडाभर पाणी मारा, मग पूर्ण सुकू द्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात याला महिनाही लागेल, घाई नको. पहिले जाळ बारीकच. पत्र्याच्या पाइपाला मात्र प्लास्टर भिडवू नका. भोवती फट ठेवून रॉकवूल (दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर) भरा, नाहीतर तडे तिथूनच सुरू होतात.