मितोमाची लोकप्रियता कशी मोजावी?

प्रश्न : जपानी फुटबॉलपटू काओरू मितोमा याची ऑनलाइन लोकप्रियता पाहताना गूगल ट्रेंड्सवरील (लोक गूगलवर काय शोधतात याचा कल दाखवणाऱ्या सेवेवरील) 100 या आकड्याचा अर्थ काय घ्यावा? – एक वाचक, नेरुळ

उत्तर : ती शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातील व प्रदेशातील एकूण शोधांमध्ये त्या नावाच्या शोधांचे जे सर्वोच्च प्रमाण, त्याला 100 मानून बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत मांडलेले असतात, म्हणून भारत आणि जपान यांचे स्वतंत्र आलेख शेजारी ठेवून तुलना करू नये. जपानी चाहते त्याचे नाव कांजी या जपानी चित्रलिपीत लिहितात. रोमन अक्षरांतल्या शोधात ते निसटतात, तेव्हा ‘विषय’ हा पर्याय निवडावा. 1 डिसेंबर 2022 रोजी विश्वचषकात स्पेनविरुद्ध त्याने मैदानाच्या शेवटच्या रेषेवरून चेंडू परत फिरवला आणि सहकारी आओ तानाकाने गोल केला. अशा एका रात्रीच्या शोधांतील उसळीपेक्षा विकिपीडियाच्या जपानी लेखाची वर्षभराची दैनिक वाचनसंख्या मला अधिक विश्वासार्ह वाटते.