सचित्र बालकवितांच्या संकेतस्थळाला नाव काय द्यावं?

तुम्ही सुचवलेल्या नावांच्या यादीतलं 'बालकाव्यचित्रसुधा' आधी खोडा. पाच वर्षांच्या मुलाची जीभ तिथेच अडखळेल. बालकविता आणि चित्रं आहेत हे नावातून सांगायची गरज नाही, ते पहिल्या पानावर दिसेलच. नाव कानाला गंमत वाटेल असं हवं, आणि चित्रकाराला त्यातून बोधचिन्ह सुचायला हवं. 'गोगलगाय' घेतलंत तर शंखाची गुंडाळी आयती मिळते. 'टपटप' मला त्याहून आवडेल, थेंब दिसतोही आणि ऐकूही येतो.

खरी गोची रोमन लिपीत आहे. संकेतस्थळाचा पत्ता बहुतेक लोक इंग्रजी अक्षरांतच टाइप करतात. 'चिऊ'मधला ऊ कोणी यू लिहील, कोणी डबल ओ. 'खेळ'मधल्या ळला तर वेगळं अक्षरच नाही. 'टपटप'ला हा घोळ नाही. देवनागरी पत्ताही घेता येतो, पण तो कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा 'एक्सएन'पासून सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ उमटते (आजीला ती लिंक फसवी वाटणार!), म्हणून तो जोडीला ठेवा.

एकटा शब्द बहुधा आधीच कोणी घेतलेला असतो. मग 'टपटपगाणी' करा, मध्ये हायफन नको. पक्कं करण्याआधी फोनवरून कुणाला तरी नाव सांगा आणि लिहायला लावा.