रांगण्याच्या वाटेवर रात्र पडली तर तंबू कुठे ठोकावा?

तुम्ही विचारलंय, डिसेंबरात मित्रांसोबत पाटगावमार्गे रांगणा किल्ल्याला जायचंय, वाटेत अंधार पडला तर सुरक्षित जागा कशी ओळखायची. मी कोल्हापूरचा, हे डोंगर पायाखालचे आहेत, म्हणून आधी कळकळीनं एकच सांगतो: पाण्याकाठी झोपू नका.

ओढ्याकाठची जागा सपाट असते, पाणी हाताशी असतं, त्यामुळं सगळे तिथंच पाठपिशव्या टाकतात. पण त्या जंगलात गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि रात्री त्यांनाही त्याच पाण्यावर यायचं असतं. काठ नीट निरखा. चिखलात दुभंगलेले मोठे खूर, ओलं शेण, झुडपांतून पाण्याकडे उतरलेली मळलेली वाट दिसली, की ती गव्यांची वाट समजा. तिच्या तोंडाशी तंबू लावला तर आपणच त्यांचा रस्ता अडवतो, आणि बुजलेला, वाट अडलेला गवा फार धोकादायक. दिवस बुडायच्या आत पाणी भरून घ्या आणि तिथनं शंभर-दोनशे मीटर तरी लांब, जरा चढावर सरका.

पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत तर ओढा आणखी वाईट. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असतं, पण वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की बघता बघता लोंढा येतो. काठच्या झुडपांत पालापाचोळा, काटक्या किती उंचीवर अडकल्यात ते बघा. पाणी तिथवर चढलेलं असतं.

मग अगदी माथ्यावर जावं का? तेही नको. मसाई पठारासारख्या उघड्या सड्यावर वळवात विजेचं भय, खिंडीत रात्रभर वारा, आणि डिसेंबरात दरीच्या तळाला गारठा साचतो. उताराच्या मधली, वाऱ्याला आडोसा असलेली सपाटी बघा. तंबू ठोकायच्या आधी मान वर करून बघायचंच: वाळकी फांदी, कड्यावरनं नुकते सुटलेले दगड, आणि आग्या मोहोळ. कड्याच्या कपारीखाली काळपट पोळी लोंबत असतील तर तिथं थांबूच नका. धुरानं, बॅटरीच्या झोतानंसुद्धा माश्या उठतात. गवत वाळलेलं असतं, त्यामुळं शेकोटीचा विचार सोडा.

खरं तर माझं मत विचाराल तर तंबूपेक्षा माणसांच्या जवळची जागा बरी. गडावर रांगणाई देवीचं देऊळ आहे, खाली भटवाडी आहे. वाडीत विचारून कुणाच्या अंगणात पथारी टाका. सध्या गवे कुठल्या अंगाला उतरतात हे वाडीतल्या माणसांइतकं कुणाला ठाऊक नसतं. जुलैत पन्हाळा-पावनखिंड करणारेसुद्धा वाटेतल्या वाड्यांतच मुक्काम करतात, ते उगीच नाही. राधानगरी-दाजीपूरकडे वळणार असाल तर ते अभयारण्य आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम नाही.

आणखी दोन गोष्टी. थंडी कितीही असो, बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाण्याच्या पिशव्या उशाशी घेऊन झोपू नका, आणि सकाळी बूट झटकूनच पाय घाला, विंचू असतात.